‘काय खाल्लंस?’ विचारणारा पट्टा

“ह्यो पट्टा हातात दिसला तर उद्या पोरीचं लगीन कसं हुयाचं?”

या कामात मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. विचारणाऱ्या बापाच्या मांडीवरची मुलगी पहिलीत होती आणि पट्ट्यावरचा ससा बघून हरखली होती. बापाने पट्टा उलटसुलट केला, वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेला आणि परत टेबलावर ठेवला. “ह्यात क्यामेरा हाय का? आमचं बोलणं कुठं जातंय का?” नाही म्हटलं, तरी दारातून बाहेर पडताना त्याने मला पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. त्या नजरेची पुढे मला सवय झाली. आधी लोकांना माझा संशय यायचा. नंतर मला त्यांचा यायला लागला, आणि ते जास्त वाईट निघालं.

काम काय होतं ते आधी सांगते. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी म्हणायची, “लहान मुलांच्या मधुमेहासाठी ॲप करतो आम्ही. मनगटात घालायचा पट्टा असतो त्याला.” समोरून ठरलेलं वाक्य यायचं, “एवढ्या लहान मुलांना? फार गोड खातात ना हल्ली.” ते खरं नाही. मुलांना जो मधुमेह होतो तो बहुतेकदा गोड खाऊन होत नाही. शरीरात इन्सुलिन तयार व्हायचंच थांबतं. त्यात मुलाचा दोष नाही आणि आईने दिलेल्या डब्याचाही नाही. मग ते इन्सुलिन सुईने बाहेरून द्यायचं, रोज, जेवणाआधी, जन्मभर. कमी पडलं तर साखर चढते आणि शरीर आतून पोखरत जातं. जास्त झालं तर साखर उतरते, मूल घामाघूम होतं, बरळायला लागतं, बेशुद्ध पडतं. तेव्हा त्याला ताबडतोब साखरच चारावी लागते. ज्या साखरेचा एरवी धाक, तीच त्या घटकेला औषध. घरच्यांच्या गळी हे उतरवणं सगळ्यात अवघड.

आमचं उपकरण दोन भागांचं. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची रुपयाएवढी चकती. तिची केसासारखी तार कातडीखाली राहते आणि साखर मोजत असते. दुसरा भाग पट्टा. साखर ठीक असली की पट्ट्यावर ससा हिरवळीत बसलेला, चढली किंवा उतरली की तोच ससा लाल. तीच खबर आकड्यासकट घरच्यांच्या फोनवर. चकतीची एक खोड मात्र आहे. ती रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजते. साखर झपाट्याने खालीवर होत असेल तर मूल पुढे निघून जातं आणि आकडा मागून धापा टाकत येतो.

यंत्र इंजिनिअरांनी केलं. औषधपाण्याची बाजू कराडच्या एक बालरोगतज्ज्ञ सांभाळायच्या. त्यांना आम्ही सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचो. माझ्याकडे होतं ते उपकरणाचं दिसणं आणि बोलणं. कुठला रंग, कुठला आवाज, कुठला शब्द. त्याआधी कित्येक वर्षं मी पुण्यात बँकांच्या ॲपचे पडदे आखत होते, तिथून माहेरी, कराडला आले ती या कामासाठी. साखर चढली की पट्ट्यावर एक प्रश्न उमटायचा, तो मी लिहिला होता: ‘काय खाल्लंस?’ शाळेतून आलेल्या मुलाला आई विचारते तसा, मला वाटलं होतं. उत्तराला चित्रं होती. भात, भाकरी, फळ, खाऊ, आणि शेवटी एक रिकामं ताट, म्हणजे ‘काहीच नाही’.

सुरुवातीलाच म्हसवडच्या एका मुलाचा आलेख आमच्याकडे कौतुकाचा विषय झाला. आलेख म्हणजे दिवसभराच्या साखरेची रेघ. याची रेघ माण तालुक्यातल्या माळासारखी सपाट. आमचे मालक ती येईल त्याला दाखवायचे. मला ती बघून चैन पडेना. असल्या मुलांची रेघ इतकी शहाण्यासारखी वागत नाही. वाढदिवस येतो, ताप येतो, परीक्षा येते, रेघ उड्या मारतेच. एक दिवस मी एसटीत बसले आणि म्हसवड गाठलं.

सिद्धनाथाच्या देवळाकडून आत वळलं की त्यांची गल्ली. वडील सैन्यात, लांब सरहद्दीवर. घरात आई आणि मुलगा. मुलगा अंगणात बनियनवर खेळत होता आणि त्याचे दोन्ही दंड मोकळे होते. मला बघताच आईने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

“चकती कुठाय?” मी विचारलं.

“हाय की.”

“कुठं?”

मग तिने पदर सरकवला. चकती तिच्या स्वतःच्या दंडावर होती.

“तुमचं यंतर गुणाचं हाय ताई,” ती म्हणाली, “पर ते त्यांच्याबी फोनात दिसतंय. तिकडं बर्फात ड्यूटी त्यांची. ससा लाल झाला की लगीच फोन. काय घातलंस त्याला खायाला? ध्यान कुठं असतंय तुझं? एक डाव तर रजा टाकून निघाले हुते. म्हटलं, तिकडं बंदूक घिऊन हुबा राहणारा माणूस ह्यो, त्याच्या डोस्क्यात हे नको. मंग मीच घातली. आता निवांत हायती.”

“आणि मुलाची साखर?”

“त्याचं बोट टोचून बघतीय की. दिसातनं कितींदा बी. त्याचं मी कशाला चुकवीन?”

मी तिच्यासमोरच मुलाची तपासणी केली. साखर उत्तम होती. तिच्या नवऱ्याशी फोनवर बोलून मी असं ठरवलं की त्यांच्या फोनवर लाल ससा जाणार नाही. संध्याकाळी आई सांगेल तेवढंच जाईल. चकती पुन्हा मुलाच्या दंडावर लागली.

यातून शिकायचं ते सरळ होतं. कुणाला काय दिसावं याचा विचार आधी करायला हवा. मी शिकले भलतंच. लोक फसवतात, हे शिकले. कराडला परत आल्यावर मी ॲपमध्ये एक नवी खूण घातली. साखर चढलेली असताना मुलाने ‘काहीच नाही’चं रिकामं ताट दाबलं, तर घरच्यांच्या फोनवर नारिंगी अक्षरांत जायचं: ‘उत्तर जुळत नाही’. मालक म्हणाले, हे भारी झालं. पालकांना तर ती ॲपमधली सगळ्यात कामाची सोय वाटायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तेवढं विचारलं, “जुळत नाही म्हणजे कशाशी जुळत नाही?” मी म्हटलं, “आकड्याशी.” त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ती खूण घातल्यावर काही दिवसांतच कडेगावहून फोन आला.

“मॅडम, चोर घरातलाच हाय.”

फोनवर आबा होते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, भोवती स्वतःचा ऊस, आणि घरात अजून पलटणीची शिस्त. त्यांची नात श्रावणी सहावीत होती. तिला मधुमेह होऊन तीन वर्षं झाली होती आणि वर्षभरापासून ती सुई स्वतःची स्वतः घ्यायला शिकली होती. आमच्या मुलांमध्ये ती पट्टा सगळ्यात मनापासून वापरायची, सशाला तिने नावही ठेवलं होतं. पण त्या हंगामात तिची रेघ दर दुपारी डोंगर चढल्यासारखी चढायला लागली. पट्टा विचारायचा, काय खाल्लंस? ती रिकामं ताट दाबायची. की आबांचा फोन वाजायचा: उत्तर जुळत नाही.

“तुमी ह्ये लय भारी केलंय,” आबा म्हणाले. “खोटं बोललं की जाग्यावर पकडलं पायजे. आता मला सांगा, ही खाती कवा?”

ऊसतोडीचे दिवस. तिचे वडील कारखान्याच्या ऊस वाहतुकीत ट्रॅक्टरवर, घरी असले तर असले. शेजारी गुऱ्हाळ. घरात गूळ, रानात ऊस. अशा गावात पोरगी गोड खात नाही असं कोण म्हणेल? मीही म्हटलं नाही. आबांनी आधी साखरेचा डबा फळीवर चढवला. आलेख उतरला नाही. मग गूळ हलवला. तरी नाही. मग श्रावणीच्या दप्तरात साखर उतरल्यावर घ्यायची ग्लुकोजची पुडी असायची, ती त्यांनी काढून घेतली, “हीच खात असंल चोरून.” सगळं त्यांनी आपल्या सैन्यातल्या काळ्या ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप घातलं. डॉक्टरीणबाईंनी इकडे फोनवर आलेख बघून इन्सुलिन दोनदा वाढवलं. रेघ काही खाली येईना.

मग मी गेले. चोर पकडायला म्हणूनच गेले, दुसरा शब्द नाही.

श्रावणीची आई रूपाली चुलीपुढे भाकरी थापत होती. बोलायला कमी, हाताला चपळ. श्रावणी शाळा नसल्याने घरी होती. मी तिला गोठ्याकडे नेलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच विचारलं, “खरं सांग. मी आबांना सांगणार नाही. काय खातेस?”

तिने माझ्याकडे बघितलं.

“तुमीबी?” ती म्हणाली.

एवढंच बोलली आणि घरात निघून गेली. मी मनात म्हटलं, उत्तर टाळलं.

जेवायच्या आधी इन्सुलिनची वेळ झाली. श्रावणी सुईचं पेन घेऊन आतल्या खोलीकडे निघाली, तसे आबा म्हणाले, “थांब. आत न्हाई. आज हितं, माझ्यासमोर. आन् तू न्हाई, आई दील.”

“मी घेते की आबा. मांडीत. रोज मीच घेते.”

“रोज घेती का नुसतं टोचल्यावानी करती, कुणी बघितलंय?”

रूपालीने पेन घेतलं. तिला दवाखान्यात पहिल्यांदा पोटावर द्यायला शिकवलं होतं, ती पोटाकडे वळली. श्रावणी मागे सरकली. “पोटात नको आई. पोटात दुखतंय. मांडीतच दे.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे. आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट आली, ती मला त्यांच्या डोळ्यांत दिसली आणि माझी त्यांना दिसली असणार. पोरगी सुई चुकवते. म्हणून इतका हट्ट. मी म्हणाले, “श्रावणी, आजच्या दिवस आईला देऊ दे पोटावर.” आई माझ्यामुळे तिच्याजवळ गेली. सुई गेली तेव्हा पोरीने आवाज केला नाही. डोळे भरून आले तेवढेच. जेवताना तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सारलं. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर आबा म्हणाले असते, भूक कशाला लागंल, खाऊन बसलीया.

जेवणानंतर मी आणि आबा बाहेरच्या सोप्यात बसलो. मी फोन उघडून त्यांना आलेख दाखवत होते. आबा सरहद्दीवरच्या चौकीत माणसं कशी तपासायचे ते सांगत होते. माणूस खोटं बोलत असला की डावीकडं बघतो, वगैरे. बऱ्याच वेळाने श्रावणी दारात आली. चौकटीला धरून उभी राहिली.

“आई, मला कसंतरी हुतंय. साखर दे.”

आबा हसले. “घ्या. आताच जेवली, आता साखर मागती. आपल्या समूर मागती, बघा.”

मी फोनकडे बघितलं. ससा हिरवळीत बसलेला होता. आकडा ठीक होता. आकड्याच्या कोपऱ्यात खाली वळलेला एक बाण होता; पण तो बाण मी मुद्दाम बारीक ठेवला होता, मुलांना गोंधळ नको म्हणून. माझ्याही तो नजरेत भरला नाही.

“आकडा चांगला आहे,” मी म्हणाले. “एक मिनिट थांबू या.”

रूपाली आतून आली. तिने फोन बघितला नाही. पोरीच्या कपाळाला हात लावला, मग मानेला. श्रावणीच्या केसांच्या मुळाशी घाम होता आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

“मामंजी, किल्ली द्या.”

“अगं मॅडम काय म्हणत्यात ऐक की. मशीन बरोबर दावतंय. नाटक हाय ते.”

“किल्ली द्या, मामंजी.”

“आधी तिला खरं बोलू दे. काय खाल्लंस, एवढं सांग म्हणावं. देतो.”

श्रावणी काहीतरी बोलली. शब्द एकमेकांत गुंतले होते. तिचा हात चौकटीवरून सुटला आणि ती उंबऱ्यावर बसली. मला त्या क्षणी सगळं माहीत होतं, कित्येक बैठकांत मी स्वतः लोकांना सांगितलं होतं की आकडा मागे राहतो, मुलाकडे बघा. तरी मी आकड्याकडेच बघत होते, तो बदलायची वाट बघत.

रूपाली स्वयंपाकघरात गेली आणि वरवंटा घेऊन आली. सासऱ्यापुढे मान वर न करणारी बाई. ती सोप्यातून थेट आबांच्या खोलीत गेली, ट्रंकेपाशी गुडघे टेकले आणि कुलपावर वरवंटा घातला. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला ट्रंक सरकली. आबा उठून उभे राहिले, “ए, ए,” एवढंच त्यांच्या तोंडून आलं. पुढच्या घावाला कोयंडा कुलपासकट उखडला. तिने मूठभर साखर पाण्यात ढवळली, श्रावणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “गीळ माझ्या बाई. गीळ.” पोरगी गिळत होती. तिला अजून गिळता येत होतं, याचे उपकार मी आजही मानते.

साखर पोटात गेल्यावर पट्टा ओरडायला लागला. ससा लाल झाला, माझा फोन ओरडला, आबांचा ओरडला. सगळं घर त्या आवाजाने भरलं. मी तो आवाज बंद केला. मान वर केली तर आबांच्या हातात किल्ली होती. ती त्यांनी खिशातून कधी काढली ते त्यांनाही कळलं नसावं.

श्रावणी सावरल्यावर आम्ही शेजाऱ्याच्या जीपने कराडला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी या वेळी आलेख मागितला नाही. तिला टेबलावर झोपवलं, हात धुतले आणि तिच्या मांड्यांवरून बोटं फिरवायला लागल्या, कणीक मळताना फिरवावीत तशी. एका जागी बोटं थांबली. दुसऱ्या मांडीवर तशाच जागी पुन्हा थांबली.

“इथं घेतेस का सुई?”

“व्हय.”

“नेहमी इथंच?”

“तिथं दुखत न्हाई म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी रूपालीचा हात धरून तिची बोटं तिथं ठेवली. मग माझी. कातडीखाली गाठ होती, पिकायला आलेल्या लिंबासारखी. त्यांनी सांगितलं ते असं. एकाच जागी पुन्हा पुन्हा सुई घेतली की तिथे गाठ धरते. गाठीत टोचलेलं दुखत नाही, म्हणून मूल तिथेच घेतं. पण गाठीत गेलेलं इन्सुलिन तिथेच अडकतं, शरीराला धड मिळत नाही. साखर चढते. आपण समजतो मूल खातं, आणि इन्सुलिन वाढवतो. मग एखाद्या दिवशी ती वाढलेली मात्रा कोऱ्या जागी जाते, आणि सगळीच्या सगळी लागू पडते.

“आज पोटावर दिलं कुणी?” त्यांनी विचारलं.

रूपाली माझ्याकडे बघत नव्हती. तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मीच म्हणाले, “आम्ही द्यायला लावलं.”

“आणि मात्रा मी वाढवली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमची रेघ घरबसल्या दिसायला लागल्यापासून ह्या पोरीला मी हात लावून तपासलंच नाही.”

आबा भिंतीला पाठ लावून उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते.

“म्हंजी पोरगी खोटं बोलत नव्हती?”

“एकदाही नाही.”

आबा बाहेर गेले. थोड्या वेळाने मी गेले तर दवाखान्याच्या मागच्या नळावर तोंड धूत होते. बराच वेळ धूत होते. मी तशीच परत फिरले.

त्यानंतर मला ‘उत्तर जुळत नाही’ काढून टाकायचं होतं. वाटलं होतं एका दुपारचं काम. मालक म्हणाले, पालक तर ह्याच्यासाठीच घेतात. मी म्हटलं, म्हणूनच. कित्येक बैठका झाल्या. कुणी म्हणालं, एका मुलीवरून सगळ्यांचं ठरवू नका. कुणी म्हणालं, बाकीची मुलं खरंच खोटं बोलतात. बोलतात की. मीही बोलायची लहानपणी, चिंचा खाऊन. पण चिंच खाल्ली म्हणून माझ्या मनगटाने कधी घरी वर्दी दिली नव्हती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ती खूण राहणार असेल तर त्या राहणार नाहीत, तेव्हा ती गेली. बाण मोठा झाला. आज सुई कुठे घ्यायची ते दाखवणारं शरीराचं चित्र आलं. ‘काय खाल्लंस?’च्या जागी ‘कसं वाटतंय?’ आलं, खाण्याची चित्रं त्याखाली तशीच राहिली, आणि मूल ‘बरं नाही’ म्हणालं तर आकडा चांगला दिसत असला तरी घरच्यांच्या फोनवर जातं: आधी साखर द्या, मग विचारा.

हे नवं रूप दाखवायला मी कडेगावला गेले तेव्हा श्रावणीने सगळं दाबून बघितलं. माझ्याशी ती जपूनच बोलत होती. तो तिचा हक्क होता.

“ह्यात एक न्हाई,” ती म्हणाली.

“काय?”

“‘सांगायचं न्हाई’ न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हंजी मी खाल्लं आन् त्याची सुई पण घेतली. पर मला सांगायचं न्हाई कुणाला. मंग काय दाबू? आता खोटंच दाबाय लागतंय की.”

मला हसू आलं नाही. आमच्या बैठकांत एवढी शिकलेली माणसं बसायची. मूल खरं बोलतं की खोटं, यापलीकडे तिसरं काही असू शकतं, हे कुणाला सुचलं नव्हतं. ते बटण आम्ही घातलं. मालकांनी त्याला फार विरोध केला नाही, ते माझ्याशी भांडून थकले होते. त्यानंतर काही काळाने मी काम सोडलं. आता कानावर येतं की ‘जुळत नाही’ दुसऱ्या गोंडस नावाने परत आलंय. खरं असेल. मी कुणाला विचारलेलं नाही, पण नवं ॲप कुणाच्या हातात दिसलं की तो फोन मागून घेते आणि शोधते. ही खोड आता जायची नाही.

परवा रूपालीचा फोन आला होता. चुलत घरात लग्न झालं. मांडवात आबा वडीलधाऱ्यांच्या पंगतीला आणि श्रावणी मैत्रिणींबरोबर लांब दुसऱ्या टोकाला. जेवण चालू असताना आबांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं: सांगायचं नाही. शेजारी बसलेल्या पाव्हण्याने वाकून विचारलं, काय वो सुभेदार, काय आलंय? आबांनी फोन खिशात घातला. “कारखान्याचा मेसेज,” म्हणाले. रूपाली दुरून बघत होती. ते उठले नाहीत, त्यांनी पोरीकडे मान वळवूनही बघितलं नाही. भाताचे घास तेवढे सावकाश व्हायला लागले.

घरी येताना जीपमध्ये श्रावणी त्यांच्या शेजारी बसली होती. गाव आलं तरी कुणी काही विचारलं नाही. उतरायच्या बेताला तीच म्हणाली, “आबा, जिलबी खाल्ली मी. दोन. सुई घिऊन खाल्ली.”

आबांनी तिचा हात धरून तिला खाली उतरवलं.

“गोड हुती का?” त्यांनी विचारलं.